दोन महिन्यांचं पिल्लू घरी आल्यावर

अनेक आशीर्वाद.

पिल्लू गावठी आहे, दोन महिन्यांचं आहे आणि पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलंय, एवढं तुझ्या पत्रातून कळलं. ‘बसायला कधी शिकवू?’ हा तुझा पहिला प्रश्न. बसायला ते सहा महिन्यांचं झाल्यावरही शिकेल आणि सहा वर्षांचं झाल्यावरही. आत्ता सहज शिकतं आणि पुढे शिकवायला फार जड जातं ते म्हणजे जगाला न घाबरणं. सुरुवात तिथून कर.

नवीन माणसं, आवाज, जागा पिल्लू बेधडक स्वीकारतं तो काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी १९६५ साली आपला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून हे ठळकपणे पुढे आलं. म्हणजे तुझ्या हातात जेमतेम महिना-दीड महिना आहे. आणि नेमका हाच काळ आपल्याकडे पिल्लू गॅलरीत कोंडून काढला जातो, कारण ‘लसी पूर्ण झाल्याशिवाय बाहेर काढू नका’ असं सगळे सांगतात.

त्यांची भीती खोटी नाही. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार. त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लस न झालेलं पिल्लू त्यानं दोन-चार दिवसांत दगावू शकतं. लसीचा एकच डोस पुरत नाही, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करते आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस देतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास. तारखा डॉक्टरांकडून लिहून घे, चुकवू नकोस.

पण धोका जमिनीत आणि आजारी कुत्र्यांत आहे, जग बघण्यात नाही. पिल्लाला कडेवर घे, नाहीतर झोळीत, आणि रोज दहा-पंधरा मिनिटं बाहेर ने. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, अनोळखी कुत्र्याशी नाकाला नाक लावू द्यायचं नाही. सोसायटीच्या गेटपाशी उभं राहिलं तरी पुष्कळ दिसतं : हेल्मेट घातलेला माणूस, रेनकोट, फटकन उघडलेली छत्री, काठी टेकत चाललेले आजोबा, रिक्षा, भंगारवाल्याची हाक. घरात कुकरची शिट्टी आणि मिक्सर आहेतच. प्रत्येक नवीन गोष्ट दिसली की लगेच उकडलेल्या चिकनचा एक कण तोंडात. क्रम महत्त्वाचा आहे, आधी गोष्ट, मग खाऊ.

गणपती जवळ आलेत, म्हणून ढोलाचं सविस्तर लिहितो. पथकांचा सराव सुरू असेल तिथून इतक्या लांब उभं राहा की आवाज येतोय, पण पिल्लू निवांत खातंय. खाणं हीच तुझी मोजपट्टी. एरवी चिकनवर तुटून पडणाऱ्या पिल्लानं तोंड फिरवलं, जीभ ओठांवरून फिरवली, विनाकारण जांभई दिली, कान मागे पाडले, शेपूट पोटाशी घेतलं, तर तू फार जवळ गेलायस. मागे फिर. दुसऱ्या दिवशी कालच्यापेक्षाही लांबून सुरू कर. ‘सवय होईल’ म्हणून ढोलासमोर धरून ठेवलंस तर सवय होत नाही, धसका बसतो, आणि तोच दिवाळीत फटाक्यांना बाहेर येतो. घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेतल्यानं भित्रेपणा वाढतो ही समजूतही चुकीची आहे. खुशाल जवळ घे.

आता शी-शूचं. घरातली निम्मी भांडणं यावरून होतात. महिन्यांच्या आकड्यात एक मिळव, साधारण तेवढे तास पिल्लू शू धरू शकतं. म्हणजे तुझं फार तर तीन तास, आणि तीही कमाल मर्यादा, रोजचं वेळापत्रक नव्हे. झोपेतून उठल्यावर लगेच, खेळून झाल्यावर लगेच आणि खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत त्याला जागेवर न्यायचंच. लसी होईपर्यंत ही जागा गॅलरीतच ठेव : पसरट ट्रे, खाली कागद, वर लॉनचा तुकडा. पुढे खाली नेशील तेव्हा पायाखाली तेच गवत असेल, त्यामुळे बदल सोपा जातो.

चूक बहुतेक वेळा बक्षिसाच्या वेळेत होते. पिल्लू शू करतं, आपण कौतुकानं त्याला आत नेतो आणि फ्रिजपाशी खाऊ देतो. पिल्लू शिकतं की फ्रिजकडे पळालं की खाऊ मिळतो. खाऊ तुझ्या खिशात हवा, आणि शू संपल्यावर एक-दोन सेकंदांत, तिथल्या तिथे द्यायला हवा. मग लगेच आत नेऊ नकोस, दोन मिनिटं तिथेच खेळ. शू केली की मजा संपते असं त्याच्या लक्षात आलं तर ते धरून ठेवतं आणि घरात आल्यावर सोडतं.

भलतीकडे करताना दिसलं तर न ओरडता उचल आणि जागेवर ने. नंतर सापडलं तर काहीही बोलू नकोस, फक्त पूस. शूमध्ये नाक घासणं, पेपरची गुंडाळी मारणं यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करणं धोक्याचं आहे, आणि मग ते सोफ्यामागे जाऊन करू लागतं. पुसायला फिनाईल वापरू नकोस. त्यानं आपल्या नाकाला वास गेल्यासारखं वाटतं, कुत्र्याच्या नाकाला नाही, आणि पंजे चाटताना ते पोटात जातं. एन्झाइमवालं, म्हणजे शूचा वास मुळापासून मोडणारं, क्लीनर सगळ्यात बरं. शू कमी व्हावी म्हणून प्यायचं पाणी मात्र कधीही तोडायचं नाही. तुझं लक्ष नसेल तेव्हा सगळं घर मोकळं देऊ नकोस, कुंपण घातलेला एक कोपरा पुरे. दिवसातले अठरा-वीस तास ते झोपणारच आहे.

चावण्याबद्दल. दुधाचे अठ्ठावीस दात सुईसारखे असतात आणि ते पडायला चौथ्या महिन्याच्या आसपास सुरुवात होते, तोवर घोटे आणि ओढणी दोन्ही धोक्यात. हात मागे खेचू नकोस, खेचलेला हात हे त्याच्यासाठी पळणारं सावज. हात स्थिर ठेव आणि दुसऱ्या हातानं खेळणं दे. तरी थांबलं नाही तर काही न बोलता उठून दहा-पंधरा सेकंद दाराआड जा. संध्याकाळी एकदम उधळून चावत सुटतं ते बहुधा झोप अनावर झाल्यामुळे. तेव्हा त्याला त्याच्या कोपऱ्यात शांत निजव. तोंड दाबून धरणं पूर्ण बंद. आणि कातडी फाटून रक्त आलं तर ‘आपलंच पिल्लू’ म्हणून सोडून देऊ नकोस, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुऊन तू स्वतः तुझ्या डॉक्टरांकडे जा, भीती रेबीजची असते. रस्त्यावर जन्मलेल्या, लस न झालेल्या पिल्लाच्या बाबतीत तर हे टाळायचंच नाही.

हाकेचं थोडक्यात. नाव एकदाच घे, पाहिलं की खाऊ. ‘ये’ म्हणून आंघोळीला, इंजेक्शनला किंवा रागवायला कधीही बोलवायचं नाही, अशा वेळी उठून जा आणि उचलून आण. बसायला शिकवायचंच असेल तर खाऊ नाकाला लावून सावकाश डोक्यावरून मागे ने, बूड आपोआप टेकतं. हात उंच गेला तर ते उडी मारतं. तीन-चार वेळा जमलं की रिकाम्या हातानं तीच खूण कर, नाहीतर खाऊ दिसल्याशिवाय ते बसणार नाही. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच ठरवा. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, बस. चिकन नुसतं उकडलेलं, कांदा-लसूण-मीठ नको, तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, आणि असा वरखाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत.

जेवत असताना ताटलीत हात घालून ‘सवय’ लावायला जाऊ नकोस, त्यानं ते गुरगुरायला शिकतं. येता-जाता ताटलीत चिकनचा एक कण टाक. तू ऑफिसला जाणार, म्हणून एकटं राहणंही पहिल्या आठवड्यापासूनच : दाराआड तीस सेकंद, मग मिनिट, मग पाच. ते रडायला लागण्याआधी परत यायचं. रडलं तर वेळ कमी कर.

रोज एकदा पंजे, कान आणि हिरड्यांना हात लाव, हात लागला की खाऊ. दवाखान्यात मांडीवरच ठेव, तिथल्या फरशीवर आजारी कुत्री येऊन गेलेली असतात. आणि पुढच्या लसीच्या आधी एकदा नुसतं वजन करायला ने. टेबलावर चार तुकडे खाऊ घाल आणि इंजेक्शन न देता परत आण. पट्ट्यावर चालण्याचं पुढच्या पत्रात लिहीन, तोवर फक्त जेवणाच्या वेळी दहा मिनिटं पट्टा गळ्यात असू दे.