प्रश्न तुमचे: कंडिशनर बादलीच्या हिशोबाने घालायचं की अख्ख्या टँकच्या?

प्रश्न: माझा 100 लिटरचा फिशटँक आहे, दर आठवड्याला साधारण 25 लिटर पाणी बदलते. आधी बादलीत कंडिशनर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध) घालून मग पाणी ओतायचे, पण आता बादल्या उचलणं जमत नाही म्हणून नळाला पाईप लावून पाणी सरळ टँकमध्येच सोडते. मग कंडिशनर 25 लिटरचं घालू की 100 चं? आणि घरचे म्हणतात पाणी रात्रभर उघडं ठेवलं की झालं, खरंय का? (एक वाचक)

उत्तर: पाईपने थेट सोडत असाल तर 100 लिटरचं, आणि पाणी सोडायच्या आधी. बादलीत औषध फक्त नव्या पाण्यात असतं, म्हणून तिथे तेवढ्याचाच डोस पुरतो, पण टँकमध्ये घातलं की ते सगळ्या पाण्यात पसरून पातळ होतं आणि पाईपमधून येणारं ताजं क्लोरीन त्याला गाठ पडेपर्यंत माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोचलेलं असू शकतं. डोस ब्रँडप्रमाणे बदलतो, म्हणून बाटलीवरचं लेबल वाचाच. उदाहरणार्थ, सीकेम प्राईम या कंडिशनरचा डोस 200 लिटरला 5 मिली, म्हणजे तुमच्या टँकला अडीच मिली. एवढं कमी माप टोपणाने नीट होत नाही, बिनसुईची सिरिंज ठेवा.

जुनं पाणी काढायच्या आधीच फिल्टर आणि हीटर बंद करा, पाणी काढलं की कंडिशनर घालून हलकेच ढवळा, मग धार बारीक ठेवून पाणी सोडा, आणि हो, हाताला नवं पाणी टँकच्या पाण्याएवढंच गार-कोमट लागलं पाहिजे. भरून झालं की फिल्टर आणि हीटर चालू करायला विसरू नका. क्लोरीनने नुसते मासेच नाही, फिल्टरमधले अमोनिया खाणारे बॅक्टेरियासुद्धा मरतात, म्हणून फिल्टरचा स्पंज कधीच नळाखाली धुवू नका, काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा.

आता रात्रभर ठेवण्याचं. साधं क्लोरीन असेल तर उघड्या बादलीत, त्यातही एअर पंप सोडला तर, 24 तासांत बहुतेक उडून जातं. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाईन घालतात, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाची जोडी, आणि ते दिवसभर ठेवूनही तसंच राहतं. तुमच्याकडे काय घालतात ते पाणीपुरवठा खात्याला विचारा. क्लोरामाईन असेल तर नुसतं सोडियम थायोसल्फेटवालं कंडिशनर क्लोरीन मारतं पण अमोनिया मागे सोडतं, आणि पीएच जास्त असलेल्या, म्हणजे अल्कधर्मी पाण्यात तो अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणून क्लोरामाईन आणि अमोनिया दोन्हींवर चालतं असं लिहिलेली बाटलीच घ्या. पैसे वाचवायची ही जागा नाही असं मला मनापासून वाटतं.

थोडं जास्त पडलं तर घाबरू नका, पण अंदाजे ओतायची सवयही लावू नका, खूप जास्त झालं तर पाण्यातला ऑक्सिजन कमी होऊ शकतो. म्हणून डोस घालताना एअर पंप चालूच असू द्या.

आणि पाणी बदलल्यावर मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, कल्ले जोरात हलायला लागले, तर वाट बघत बसू नका. कंडिशनर राहून गेलं असेल किंवा कमी पडलं असेल तर लगेच पूर्ण टँकचा डोस घाला, हवा वाढवा, आणि त्या दिवशी खायला देऊ नका.