नवतप्यात सायकल चालवन कोण?

प्रश्न : ताई नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्याला राहतो, ऑफिस सिव्हिल लाइन्सला, जाऊन-येऊन सोळा एक किलोमीटर होतात. हिवाळाभर मी सायकलनंच जातो. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर विषय निघाला की शहराच्या हवामान बदलाच्या आराखड्यात सायकल ट्रॅकची मागणी टाकायची, तर एक काका म्हणे, "नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात, सायकल चालवन कोण बे? आणि तू सायकल चालवून राहिला म्हणून का जग थंड होऊन राहिलं का?" सगळे हसले, मीपण हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही. मागणी करायचीच तर त्यात नेमकं लिहायचं काय?

उत्तर : काका अर्धे बरोबर आहेत, ते आधी कबूल करून टाकू म्हणजे भांडण लवकर मिटेल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, गाडी 45 चा ॲव्हरेज देत असेल तर किलोमीटरमागे 50 ग्रॅम धरा. तुमचे रोजचे 16 किलोमीटर म्हणजे 800 ग्रॅम, हिवाळ्याचे शंभर दिवस धरले तर 80 किलो. आता बेडरूमचा एसी बघा, रात्रभरात आरामात आठ-दहा युनिट खातो आणि आपली वीज येते कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या कोळशातून, कोळशाच्या एका युनिटमागे जवळपास किलोभर कार्बन डायऑक्साइड पकडा. म्हणजे तुमची अख्ख्या हिवाळ्याची पुण्याई मे महिन्याच्या आठ-दहा रात्रीत साफ! एकट्यानं सायकल चालवून होणारं हे काम नाहीच, म्हणून तर ते आराखड्यात पाहिजे, तुमच्यासारखे हजारो लोक गाडी घरी ठेवू शकतील असा रस्ता असला तरच त्या 80 किलोला काही वजन येतं.

पण "चालवन कोण" या प्रश्नावर मात्र काका साफ चुकले, कारण नवतप्यातही चालवणारे रोज त्यांच्या समोरूनच जातात, फक्त ते त्यांच्या हिशोबात नाहीत. पहाटे पेपर टाकणारा पोरगा, रात्रपाळी करून परतणारा वॉचमन, हिंगणा एमआयडीसीकडे जाणारे कामगार. मागच्या मे मधे दुपारी अडीचला मी रिंग रोडच्या सिग्नलवर कारमधे (हो, एसी लावून, काय करता) बसलेली, बाजूला एक मिस्त्री सायकलवर, कॅरिअरला घमेलं उलटं बांधलेलं, हँडलला डबा, डोक्याला ओला दुपट्टा. सिग्नल जवळपास दीड मिनिटाचा आणि सावली कुठंच नाही, तर तो शेजारच्या ट्रकच्या सावलीत सायकल सरकवून उभा राहिला आणि ट्रक हलला तसा तोही निघाला.

म्हणून नागपूरला सायकल ट्रॅक म्हणजे आधी सावली आणि मग रस्ता, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसता हिरवा-लाल पट्टा मारून काही होत नाही, दोन पावसाळ्यात रंग उडतो आणि त्याच्या आधीच तिथं कार पार्क झालेल्या असतात. नागपूरचं नाव यात नवीन नाही, केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं 2020 मधे 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' म्हणून चॅलेंज घेतलं होतं आणि 2021 मधे निवडलेल्या 11 शहरांत आपण होतो. आता तुमच्या मानेवाडा ते सिव्हिल लाइन्स रस्त्यावर त्याचा काय उपयोग झाला ते तुम्हीच सांगा. तिकडे स्पेनमधलं सेव्हिल बघा, उन्हाळ्यात तिथंही पारा चाळिशी ओलांडतो, पण 2006 पासून त्यांनी तुकड्या-तुकड्यात न करता सलग जाळंच बांधलं, पहिल्याच टप्प्यात 80 एक किलोमीटर, गाड्यांपासून वेगळं काढलेलं, आणि काही वर्षांतच सायकलवाले कितीतरी पट वाढले. ऊन होतं तेवढंच होतं.

आता लिहायचं काय. मुंबईनं मार्च 2022 मधे हवामान आराखडा आणला, त्यातल्या सहा विषयांत वाहतूक हा एक आहे, पण तुम्ही नुसतं "सायकलींना प्रोत्साहन द्यावे" असं लिहाल तर ते फाइलमधे सुखानं झोपेल. रस्त्याचं नाव लिहा, कुठून कुठपर्यंत, किती किलोमीटर, कोणत्या वर्षी, पैसा कोणत्या हेडमधून आणि नंतर देखभाल कोणाकडे. मेट्रो स्टेशनपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर पहिले मागा. आणि ट्रॅकच्या कडेनं कडुलिंब, करंज लावायला उघडी माती मागा, गट्टूंनी (फुटपाथच्या सिमेंटच्या ब्लॉकनी) बुडापर्यंत आवळलेली झाडं नको. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि लोकांच्या घरात पाणी घुसलं ते कोणी विसरलं नसेल, सगळीकडे सिमेंट झाल्यावर पाण्यानं मुरायचं कुठं? मातीचा तो पट्टा उन्हात सावली देतो आणि पावसात थोडं का होईना पाणी पितो, म्हणून ही मागणी हवामान आराखड्यात शोभते. काकांना एवढंच सांगा, ते दुपारी पायी निघाले तरी सावली त्यांनाही मिळेल.

प्रश्न : ताई, मुलगी आठवीत आहे, नंदनवनला राहतो. ट्यूशनला सायकलनं जाते म्हणते, तिच्या बाबांचं म्हणणं ई-स्कूटर घेऊन देऊ. काय करू?

उत्तर : आठवीतल्या पोरीला स्कूटर नाही, लायसन्सचं वय तरी होऊ द्या तिचं. बाबांची भीती खोटी नाही, पण ती सरळ रस्त्याची नाही, चौकाची आणि कडेची आहे. सिमेंट रोड आणि बाजूच्या गट्टूंमधे जी चार-पाच बोटांची पायरी राहते ना, तिच्यात चाक तिरपं चढलं की सायकल गेलीच. मी स्वतः पडलेली आहे, कोपर सोललं आणि भाजीवाल्याचे टमाटे सांडले ते वेगळंच, त्याचे पैसेही दिले. तर येत्या रविवारी सकाळी तुम्ही दोघी, जमलं तर बाबाही, तोच रस्ता सायकलनं करून बघा. चौकात तिनं उतरून सायकल हातात धरून क्रॉस करायचं, हा नियमच करा. जिथं जिथं तिला उतरावं लागलं किंवा घाबरून थांबावं लागलं त्या जागांचे फोटो काढा आणि वरच्या मानेवाड्याच्या भाऊंच्या मागणीला जोडायला आमच्याकडे पाठवा, आम्ही त्यांना देतो.