अफगाणिस्तानातून आलेले शीख भारतात सुरक्षित आहेत का?

जिवाची भीती गेली, हे खरं. काबूलच्या शोर बाजारातल्या गुरुद्वारात २५ मार्च २०२० रोजी सकाळच्या प्रार्थनेला जमलेल्यांवर गोळ्या झाडल्या, २५ जण गेले. जून २०२२ मध्ये कार्ते परवान गुरुद्वारावरही हल्ला झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर निघालेल्यांनी काबूल विमानतळावर गुरू ग्रंथ साहिब डोक्यावर घेतले होते. घरदार मात्र मागेच राहिलं.

पण कागदांचं काय? नागरिकत्व सुधारणा कायद्याची लवकर नागरिकत्व देणारी सवलत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच आहे. म्हणजे ज्यांनी हे हल्ले सोसले, तेच बहुतेक बाहेर! त्यांना नेहमीच्या मार्गाने नागरिकत्वासाठी साधारण १२ वर्षं थांबावं लागतं. मला हा अन्याय वाटतो. ही तारीख पुढे सरकायलाच हवी.