आई दुपारी पाणी कमी पिते

*ताई, मी ४४ वर्षांची. नाशिकला राहते, घरीच दहावीच्या गणिताचे क्लास घेते. रोज सकाळी मैत्रिणींबरोबर चालायला जाते, आठवड्यातून चार दिवस २४ सूर्यनमस्कार घालते. वजन ६४ किलो. काटा हलत नाही, दंड आणि पोट सुटलेलंच आहे. फेब्रुवारीत भाचीचं लग्न आहे, स्लीव्हलेस ब्लाउज शिवायचाय. आमच्यातली एक जण जिममध्ये वजनं उचलते, तिचे दंड छान दिसायला लागलेत. पण आमचे हे म्हणतात, वजनं उचलून बाई राकट दिसते. यूट्यूबवर एक जण म्हणतो वजनांशिवाय पर्याय नाही, दुसरा म्हणतो गरजच नाही. वेळेचाही प्रश्न आहे. आषाढात आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती माझ्याकडेच असते. तिला खुर्चीतून उठवणं मला एकटीला जमत नाही, भाऊ संध्याकाळी साडेसहाला येतो. पण आई समजूतदार आहे, दुपारी पाणीच कमी पिते. तर सांगा, वजनं उचलून की न उचलता?*

*एक वाचक, नाशिक*

ब्लाउजचं नंतर बोलू. तुमची आई रोज साडेसहापर्यंत तहान मारत बसते आणि हे तुम्ही मला वेळेच्या अडचणीत, जाता जाता सांगितलंत.

बाहेरच्या खोलीत तुमची मुलं प्रमेयं सोडवतायत, आतल्या खोलीत आई खुर्चीत. हाताशी तांब्या-भांडं. त्या घोटभर पाणी घेतात, घड्याळाकडे बघतात आणि भांडं पुन्हा तांब्यावर पालथं घालतात. कारण पाणी प्यायलं की उठावं लागणार, आणि उठवायला लेक पुरी पडत नाही. हे महिनोन् महिने चाललंय. तुम्ही घरातच असता.

मला तुमच्या आईंचंही कौतुक करायचं नाही. उतारवयात मुळात तहानच कमी लागते, त्यात मुद्दाम पाणी तोडलं की बद्धकोष्ठ होतं, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो, उठताना रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. मग बाई पुन्हा पडते आणि या खेपेला दुसरा खुबा जातो. त्यांना माझा निरोप सांगा: तुमच्या या सोसण्याने लेकीचं एकही काम कमी होत नाहीये. दुपारचं पाणी प्या आणि खुशाल हाक मारा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वजनं उचला. दंडासाठी नाही. आईला खुर्चीतून उठवून बाथरूमपर्यंत नेता यावं, भावाची वाट न बघता, यासाठी उचला.

यजमानांच्या मताचा विचार करायला माझ्याकडे वेळ नाही, पण राकट दिसण्याची भीती तुमच्याही मनात असणार म्हणून सांगते. पुरुषांचे स्नायू फुगतात त्यात टेस्टोस्टेरॉनचा मोठा हात असतो आणि बायकांच्या शरीरात ते पुरुषांच्या मानाने फारच थोडं असतं. आपल्या वडगाव मावळची हर्षदा गरुड २०२२ साली ज्युनियर वेटलिफ्टिंगची जगज्जेती झाली. ४५ किलोच्या गटात, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या उचलण्याच्या दोन प्रकारांत मिळून १५३ किलो उचलून. तिचा फोटो शोधून बघा आणि यजमानांनाही दाखवा. तिने वर्षानुवर्षं रोज सराव केला, तेव्हा कुठे तिथे पोचली. आठवड्यातून दोनदा डंबेल धरल्याने तुमचं रूप बिघडेल ही भीती सोडा.

वजनांशिवाय शरीर कमावता येतं का? येतं. जोर-बैठका आणि मल्लखांबावर आपल्याकडे पिढ्या घडल्या. पण त्याच तालमींत फिरवायला जड लाकडी करेला होता, गदा होती, उचलायला दगडी नाल होता. स्नायूला लोखंड काय आणि स्वतःचं शरीर काय, सारखंच. त्याला हवा असतो तो हळूहळू वाढत जाणारा भार. तुम्ही २४ सूर्यनमस्कार घालता, ते शरीराच्या अंगवळणी पडलेत. ते सोडू नका, त्याने सांधे मोकळे राहतात. पण सूर्यनमस्कारात तुम्ही जमीन ढकलता. खालून काही ओढून वर आणणं, ते छातीशी धरून चार पावलं चालणं त्यात येत नाही. चालण्यात तर नाहीच. आणि आईला उठवताना नेमकं तेवढंच लागतं.

घाबरू नका, आईंचं सगळं वजन तुम्हाला उचलायचं नाहीये. बऱ्याच जणी इथेच चुकतात. काखेत हात घालून ओढायला जातात, म्हाताऱ्या माणसाचा खांदा दुखावतो आणि आपली कंबर धरते. उठवण्याची रीत अशी: आईंनी आधी खुर्चीच्या कडेशी सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, हात खुर्चीच्या हातांवर ठेवायचे आणि पुढे झुकायचं. कमरेला रुंद पट्टा बांधायचा, मेडिकलमध्ये मिळतो. तुम्ही अगदी जवळ उभं राहून, गुडघे वाकवून, पट्टा धरून त्यांच्या उठण्याला जोड द्यायची. बराचसा भार त्यांचे पाय घेतात. पण त्यांचा पाय लटपटला तर त्या क्षणी तुमची पकड, मांड्या आणि पाठ टिकली पाहिजे. ती ताकद आत्ता तुमच्यात नाही आणि ती मिळवता येते. हे सगळं फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून शिकून घ्या, कारण कुठलं ऑपरेशन झालंय त्यावर आईंनी किती वाकायचं, पायावर किती भार द्यायचा हे ठरतं. तोवर पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणून ठेवा. अहो, ही इतके दिवस का नाही आली?

व्यायाम थोडाच आहे. खुर्चीवर बसायचं-उठायचं, छातीशी डंबेल धरून. गुडघ्याएवढ्या स्टुलावरून पिशवी उचलायची, पाठ सरळ ठेवून, खुब्यातून वाकून. एक हात टेकवून दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे ओढायचं. दंडांना आणि पाठीला आकार येतो तो याने. शेवटी दोन्ही हातांत वजन घेऊन घरातल्या घरात चालायचं. प्रत्येकाचे तीन सेट, आठ-दहा वेळा. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. त्या सहज निघाल्या की वजन वाढवा. पाच किलो तांदळाच्या पिशवीने सुरुवात झाली तरी चालेल, पण तांदूळ दहा किलोंवर जातील तेव्हा जिम गाठा आणि ट्रेनरकडून डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं, नीट शिका. मध्ये एखादा दिवस मोकळा सोडा. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, म्हणजे वेळ नाही ही सबब टिकत नाही. पहिले काही आठवडे आरशात फरक दिसणार नाही; आधी मेंदू स्नायूंना कामाला लावायला शिकतो, आकार नंतर येतो. पोटाचं म्हणाल तर ते पोटाच्या व्यायामाने उतरत नाही, ताटातून उतरतं. सकाळी नुसते पोहे खात असाल तर सोबत दोन अंडी नाहीतर मोड आलेली मटकी घ्या.

तुमच्या स्वतःसाठीही हे टाळण्यासारखं नाही. चाळिशीनंतर स्नायू झडायला लागलेले असतात, पाळी थांबण्याच्या सुमारास हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि भार उचलल्याने हाडही टिकायला मदत होते. साध्या घसरण्याने ज्यांचा खुबा मोडला, त्यांची हाडं ठिसूळ झालेली असण्याची दाट शक्यता असते. आईंना त्यावर औषध सुरू आहे का? ऑपरेशन उत्तम होतं आणि हे मागे राहून जातं, असं मी फार घरांतून ऐकलंय. डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि आईचा खुबा मोडला म्हणजे तो धोका तुमच्याही हिशोबात धरतात, तेव्हा तुमच्या डेक्सा तपासणीचंही (हाडं किती घट्ट आहेत ते बघणारी) त्याच भेटीत विचारून घ्या.

राहिला भाऊ. तो रोज येतो, चांगलं आहे, पण दुपारच्या प्रश्नाचं उत्तर तो नाही. त्याला डंबेलची जोडी आणि कमरेचा पट्टा आणायला सांगा.

सोमवार आणि गुरुवारची दुपारची बॅच अर्धा तास पुढे ढकला. त्या अर्ध्या तासात आईसमोर खुर्ची टाकून व्यायाम करा आणि फिजिओथेरपिस्टने हरकत घेतली नाही तर आईंनाही खुर्चीचे हात धरून तुमच्याबरोबर पाच वेळा उठ-बस करू द्या, पट्टा तुमच्या हातात. फिजिओथेरपिस्टला फोन मात्र आजच करा, क्लास सुरू व्हायच्या आत.