वाचक विचारतात: स्पीकर फाटलाय की गाणंच तसलं?

प्रश्न: धाकटा भाऊ सुट्टीला आल्यापासून 'ड्राइव्ह लाइक जेहू' या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम दणादण लावतोय. नुसती खरखर आणि किंचाळणं. आई म्हणते, स्पीकर गेला. खरंच गेला का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: ताई, स्पीकर शाबूत आहे. हा सॅन डिएगोचा बँड. 'पिचफोर्क' हा आधीचा बँड मोडल्यावर त्यातल्या रिक फ्रोबर्ग आणि जॉन रीस यांनी आणखी दोघांना घेऊन काढलेला, अल्बम १९९१चा. खरखर मुद्दाम आहे. अँप्लिफायरला झेपणार नाही इतका गिटारचा सिग्नल वाढवला की लहरींचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे स्वर उमटतात. मधेच शिटी वाजते, कारण स्पीकरचा आवाज गिटार पुन्हा पकडते. आपल्या मिरजेतले सतारमेकर तंबोऱ्याची जवारी लावतात, ती झणझण तरी कुठे गुळगुळीत असते? माझा जीव ड्रमवर. मार्क ट्रॉम्बिनो काय वाजवतो! गाणी मात्र काही ठिकाणी उगाच लांबलीत. तुम्ही हेडफोनवर, आवाज बेताचा ठेवून ऐका. आणि आईच्या वामकुक्षीच्या वेळी भावाकडून रिमोट काढून घ्या.