बागेवर उचल नको, काकांकडून हातउसनेही नकोत, कर्ज स्वतःच्या नावावर काढा

तुमचा प्रश्न असा आहे: घरी आंब्याची बाग, वडिलांचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, पदव्युत्तर शिक्षणाच्या दोन वर्षांना सहा-सात लाख लागणार. सरकारी योजनेतून कर्ज काढावं, की मुंबईचे काका देतायत ते हातउसने घ्यावेत?

कर्ज काढा. काकांकडून एक रुपया घेऊ नका.

एवढं ठामपणे का सांगते, ते ऐका. माझं गाव देवगड तालुक्यात. 2013 साली मला फिजिओथेरपीच्या मास्टर्सला कोल्हापूरकडच्या एका खाजगी कॉलेजात प्रवेश मिळाला. दोन वर्षांचा खर्च सहा लाख तीस हजार. बाबांची बाग होती, पण बागेचा पैसा कसा येतो ते तुम्हाला सांगायला नको. हंगामाआधी वाशीच्या दलालाकडून उचल घ्यायची, त्यातून फवारणी, राखणदार आणि पेट्यांचा खर्च भागवायचा आणि फळ त्यालाच पाठवायचं. 2009 च्या फयान चक्रीवादळात आमची कलमं मोडली, त्या वर्षीची उचल फेडायला पुढचे तीन हंगाम गेले. त्यामुळे दलाल जेव्हा म्हणाला, "पोरीच्या फीचे पैसे मी देतो, पुढची पाच वर्षं माल माझ्याकडे", तेव्हा बाबा जवळजवळ हो म्हणाले होते. मी अडवलं.

मग बँक. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला आईवडील सहकर्जदार असले की पुरे, चार ते साडेसात लाखांना तिसऱ्या माणसाचा जामीन आणि त्यापुढे तारण, असा तेव्हा नियम होता. मला सहा लाख हवे होते, म्हणजे जामीनदार हवा होता. मॅनेजरसाहेबांनी आधी बागेचा सातबारा मागितला. त्यावर अकरा नावं होती. चुलत आजोबांचे वारस, कोणी डोंबिवलीत, कोणी नालासोपाऱ्यात, दोघांचा तर पत्ताच नाही. कोकणातल्या बहुतेक सातबाऱ्यांची हीच गत. शिवाय 2002 चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणजे कर्ज थकलं तर त्या कायद्याने बँकेला ती जमीन ताब्यात घेता येत नाही. बँका शेतजमीन तारण घ्यायला नाखूश असतात ते यामुळे. त्यांनी सातबारा परत दिला आणि पगारदार जामीनदार आणा म्हणून सांगितलं.

आमच्या घरात पगारदार म्हणजे काका. मुंबईत पक्की नोकरी, स्वतःचा फ्लॅट. ते गणपतीला आले. फीच्या दुसऱ्या हप्त्याची मुदत विसर्जनानंतर चार दिवसांनी होती. आरती झाल्यावर बाबांनी विषय काढला. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "चेडवाच्या शिक्षणाक कर्ज काढूचा? उद्या लगीन होवन गेला काय हप्ते कोण भरतलो?" आणि वर, "व्हये तर लाखभर मी देतंय, परत केलास तर केलास." मी पडवीत उभी होते. ते लाख रुपये मला आजही नको वाटतात. ज्या पैशाच्या परतफेडीवर देणाऱ्याचाच विश्वास नाही, ते घेतले की माणूस जन्मभर त्या घरात खालमानेने वावरतो.

जामीन राहिली आत्या. कणकवलीजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आजोबा गेले तेव्हा तिला तलाठ्याकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. बहिणींनी भावांना हक्क सोडायचाच असतो, असंच तिला सांगितलं गेलं होतं. बागेतलं एक कलमही तिच्या वाट्याला आलं नाही. ती काकांना एवढंच म्हणाली, "सातबाऱ्यावरसून माझा नाव काढूक माझी सही चलली, मगे जामिनाक कित्याक चलाची नाय?" दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी सोडून ती पगाराच्या स्लिपा घेऊन बँकेत आली.

आता हिशोब, कारण तुम्ही व्याजाला घाबरलेले दिसता. मला साडेदहा टक्के व्याज लागलं. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नव्हता, पण व्याज चालूच होतं. या काळात व्याज सरळ लागतं. पहिले तीन लाख तीन वर्षं आणि दुसरे तीन लाख दोन वर्षं, मिळून 1,57,500 रुपये व्याज झालं. ते मुदलात जमा होऊन 7,57,500 वर दहा वर्षांचा हप्ता बसला, दहा हजार दोनशेच्या आसपास. पहिला पगार अठरा हजार. कठीण गेलं, पण गेलं. 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे कणकवलीतलं माझं क्लिनिक बंद होतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते लांबवायची सवलत दिली, ती मी घेतली. व्याज वाढलं, पण खातं थकीत झालं नाही. त्याच वर्षी आंबा वाशीला नेताना बागायतदारांचे काय हाल झाले आणि 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने काय केलं, ते तुम्हीही पाहिलंय. माझ्या शिक्षणाचे हप्ते बागेवर असते तर बाबा दोन्ही वर्षी बुडाले असते. मी 2022 मध्ये मुदतीआधी कर्ज फेडलं. लग्नानंतरही एकूण एक हप्ता माझ्याच खात्यातून गेला. काकांना हे कोणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे सांगते.

एक राग अजून आहे. ते दीड लाख मला भरावेच लागले नसते. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांचं, तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, हप्ता सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या काळातलं सगळं व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना 2009 पासून आहे. आमच्या शाखेत कोणी शब्दही काढला नाही. 2016 मध्ये लातूरच्या मैत्रिणीकडून कळलं, तोवर वेळ गेली होती. तुम्ही कर्जाच्या अर्जासोबतच तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. तोंडी "बघू" म्हटलं तर हलू नका.

तुमच्यासाठी परिस्थिती माझ्यापेक्षा बरी आहे. 2015 पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पतहमी, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी, मिळू शकते, त्यात जामीनदार लागत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तिच्या यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल तर तारण नाही, जामीन नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात तीन टक्के सूट. इतर मागासवर्गात असाल तर राज्याच्या ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजनाही बघा.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सरकार स्वतः कर्ज देत नाही, देते बँक. सरकार हमी आणि व्याज बघतं, मुद्दल तुम्हालाच फेडायचं. विद्यालक्ष्मीची यादी निवडक संस्थांची आहे, कुठल्याही खाजगी कॉलेजला ती लागू नाही. पूर्ण व्याजाची सवलत एकदाच मिळते, पदवीला घेतली असेल तर आता नाही, आणि शिक्षण मधेच सोडलं तरी जाते. एम.टेक. करणार असाल तर आधी गेट ही प्रवेशपरीक्षा द्या. त्यातून प्रवेश मिळाला तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं, कर्ज निम्म्यावर येईल. हप्ता थकला तर सहकर्जदार म्हणून वडिलांचंही सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडतं, आणि मग त्यांना पीककर्जाला त्रास होतो. आणि ज्या कोर्सनंतर नोकरी कुठे लागते हे कॉलेजला सांगता येत नाही, त्यासाठी कर्ज काढू नका.

कुठली योजना बसली नाही आणि जामीनदार लागलाच, तर काकांच्या आधी आत्याला विचारा. कर्ज फिटलं की बेबाकी दाखल्याची एक प्रत तिच्या हातात द्या.