मॅन्युअलवर २.८ ठेवलं तरी झूम केल्यावर ६.५ का होतं?

कॅमेरा बिघडलेला नाही, त्यामुळे दुरुस्तीला अजिबात टाकू नका. तुम्ही लिहिलंय की निकॉन पी ९०० मॅन्युअलवर (सगळं हाताने ठरवायच्या मोडवर) टाकून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक, २.८ ठेवता, झूम केलं की ते आपोआप ६.५ होतं, आणि दुसऱ्या टोकाला ८ च्या पुढे सरकतच नाही. या दोन्ही मर्यादा लेन्सच्या बांधणीतल्याच आहेत.

ॲपर्चरचा हा २.८, ६.५ असा आकडा म्हणजे एफचा आकडा, आणि तो भागाकार आहे: फोकल लेंथ (झूम केलं की वाढते ती लेन्सची मिमीतली लांबी) भागिले समोरून दिसणाऱ्या भोकाचा व्यास. म्हणून आकडा लहान तेवढं भोक मोठं. जाहिरातीतले २००० मिमी हे फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, हिशेबाने; खरी फोकल लेंथ ४.३ ते ३५७ मिमी. आता ३५७ ला ६.५ ने भागून बघा. साधारण ५५ मिमी येतात. पूर्ण झूमला २.८ हवं असेल तर १२७ मिमी, म्हणजे पाच इंच रुंद काच लागेल! एवढी काच बसवली तर कॅमेरा गळ्यात अडकवून फिरता यायचं नाही.

८ चं कारण वेगळं. झूम न करता ८ वर भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं उरतं. त्याहून बारीक केलं तर डिफ्रॅक्शनमुळे प्रकाश पसरतो आणि एवढ्याशा सेन्सरवर चित्र मऊ पडतं. त्यामुळे डीएसएलआरवाल्यांचं 'लँडस्केपला ११ ठेव' इथे विसरा. सिंहगडावरून खडकवासल्याचं पाणी टिपताना ४ वरसुद्धा सगळं स्पष्ट येतं.

खरा घोळ मॅन्युअलमध्ये होतो, आणि त्यात माझी पुण्याजवळच्या कवडीपाटची एक अख्खी सकाळ वाया गेली आहे. झूम न करता २.८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची क्षमता) २०० असं छान जुळवलं आणि मग पाण्यातल्या शेकाट्या पक्ष्यावर झूम केलं. घरी येऊन बघतो तर सगळे फोटो काळे, त्याचे गुलाबी पायसुद्धा दिसेनात. २.८ चं ६.५ झालं की प्रकाश जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, आणि मॅन्युअलमध्ये शटर-आयएसओ कॅमेरा स्वतःहून बदलत नाही.

म्हणून आधी झूम करून चौकट पक्की करा, सेटिंग त्यानंतर. ॲपर्चर तिथे जेवढं उघडतं तेवढं उघडं ठेवा. उभ्या पक्ष्याला १/२५० पुरतं, उडत्याला १/१००० तरी हवं. उरलेली कसर आयएसओवर, पण ८०० च्या वर पिसांचं बारीक काम जायला लागतं. मी तर पक्ष्याच्या अंगावर ऊन येईपर्यंत सरळ थांबतो.

झूम जरा जरी हलवला तरी स्क्रीनवरचा प्रकाश कमी-जास्त दाखवणारा मीटर परत बघायचा. पक्षी सारखे जवळ-लांब होत असतील तर सरळ ए मोडवर या. ॲपर्चर तुमच्या हातात राहतं आणि शटर कॅमेरा जुळवून घेतो.